फोटोपुरता चुडा

चाचीच्या लक्षात माणसाचा चेहरा राहत नसे. हात राहत असे. वर्षानुवर्षं गावात येणं-जाणं, पण समोरून आलेल्या बाईला ती सरळ ‘कोण गं तू?’ म्हणून विचारायची. बाई तोंड फुगवायची. मग चाची तिचा हात हातात घेऊन अंगठ्याच्या बुडाशी एकदा दाबून बघायची, आणि तिला सगळं आठवायचं. ‘अगं तू व्हय! आडव्या अंगठ्याची!’ आणि मग त्या बाईच्या सासूपासून नणंदेपर्यंत सगळ्यांची नावानिशी चौकशी. सरपंचांच्या बायकोलाही तिने एकदा भर लग्नात अशीच ओळख विचारली होती. बाई इतक्या नटून आल्या होत्या की ओळख न पटणं हा अपमानच होता. पुढे पंगतीत त्या पुऱ्या वाढत आल्या, तेव्हा चाची पुरीकडे न बघता मनगटाकडे बघून म्हणाली, ‘सव्वादोनच्या मापाचा हात. मागच्या पंचमीला लय रडवलं व्हतं ह्या हातानं मला.’ बाई हसल्या नाहीत, पण पुरी मात्र आणखी एक वाढली.

चाची म्हणजे आमची मनियार चाची. राहायला गंगाखेडला, आणि आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी एसटीने आमच्या गावात. डोक्यावरून पांढरी ओढणी, खांद्याला रेक्झिनची पिशवी आणि काखेत बांगड्यांचं गाठोडं. तिचं खरं नाव गावात कुणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. मला तरी ते ती गेल्यावर कळलं. पाराजवळच्या ओट्यावर बसून ती गाठोडं सोडायची आणि बघता बघता बायकांचा घोळका जमायचा. कुणाला काय शोभतं हे ती विचारत नसे, ठरवून टाकत असे. ‘मला निळ्या दाखव’ म्हणणाऱ्या पोरीला ती निळ्या दाखवायची, त्यांचं कौतुकही करायची, आणि भरायच्या वेळी हिरव्या भरून मोकळी व्हायची. पोरगी कुरकुरली तर म्हणायची, ‘घरी जाऊन आरशात बघ. न्हाई आवडल्या तर ये परत.’ परत आलेली कुणी मी पाहिली नाही. आता त्याचं एक कारण असंही होतं, की पोरगी घरी जाऊन येईपर्यंत चाचीची एसटी निघून गेलेली असायची.

बांगड्या भरताना तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. ‘हात दे आन् दुसरीकडं बघ.’ बघत राहिलं की हात आखडतो आणि आखडला की काच लागते, असं तिचं म्हणणं. माझ्या लग्नात मला चुडा भरायला तीच होती. मी पाथरीकडची, या गावात नवी, आणि माझा हात लाकडासारखा ताठ. चाचीने तो मांडीवर घेतला, बोटं चोळली, अंगठा तळव्यात दुमडला आणि म्हणाली, ‘सोड की हात. इतके दिस तुझा व्हता, आता घडीभर माझा हाय.’ मी खुदकन हसले आणि तेवढ्यात पहिली बांगडी मनगटात उतरलीसुद्धा. सगळा चुडा भरून झाल्यावर तिने गाठोड्यातून आणखी एक बांगडी काढली आणि सगळ्यांच्या वर सरकवली. ‘ही माझी,’ ती म्हणाली. ‘हिचा हिशोब न्हाई.’ ही वरची बांगडी ती प्रत्येकीलाच देत असे. तो तिचा आशीर्वाद. मग पदर डोक्यावर घेऊन बाईने तिला वाकून नमस्कार करायचा, आणि तिने ‘खुश रह, बेटा’ म्हणून पाठीवर थाप मारायची. थाप चांगली सणसणीत असे.

पुढे काही वर्षांनी माझे यजमान परभणीहून मोटारसायकलवर येताना रस्त्यातच गेले. त्याबद्दल मला इथे फार लिहायचं नाही. माझ्या हातातल्या बांगड्या आत्याबाईंनी काढल्या एवढंच सांगते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या स्वतः फार आधी विधवा झालेल्या, आणि आमच्याकडे हे काम विधवेनेच करायचं असतं. दगडावर हात आपटून बांगड्या फोडायची रीत. पण आत्याबाईंनी वाटीत साबणाचं पाणी आणलं आणि एकेक बांगडी उतरवून घेतली. एकही फुटू दिली नाही. स्वतःचा मुलगा गेलेल्या बाईला त्या दिवशी माझ्यासाठी तेवढंच करता आलं, आणि तेवढं त्यांनी केलं.

त्यानंतर घरात आम्ही दोघीच उरलो, दोघींचेही हात रिकामे. चाचीला आमच्या घरात काही काम उरलं नाही. ती ओट्यावर येऊन बसायची, बायकांचा किलबिलाट शिलाईमशीनवर बसल्या बसल्या मला ऐकू यायचा, आणि खरं सांगायचं तर मला तिचा रागच येई. एक दिवस उन्हातून जाताना ती दारात थांबली आणि पाणी मागितलं. मी तांब्या पुढे केला. तिने वर न बघता आधी हातच बघितला. तांब्या बाजूला ठेवून मनगट धरलं, अंगठ्याशी दाबलं. मला वाटलं आता ही रडणार, मग मलाही रडावं लागणार. तसं काही झालं नाही. ‘बारीक झाला हात,’ ती म्हणाली. ‘जेवत जा, सुनबाई.’ पाणी प्यायली आणि गेली. पुढच्या आठवड्यापासून मात्र पाणी आमच्याकडेच प्यायचं हे ठरून गेलं.

मग तिचे गुडघे गेले. गाठोडं घेऊन गावोगाव फिरणं होईना. हैदराबादला असलेला तिचा मुलगा लाखेच्या बांगड्यांचा व्यापार करायचा. त्याने सांगितलं, अम्मी, आता हिंडू नको, फोटो काढ आणि मोबाइलवर विक, माल मी पाठवतो. चाचीच्या मोबाइलला बटणं होती आणि त्यातलंही हिरवं बटण तेवढं तिला ठाऊक. म्हणून ती आमच्याकडे आली. माझ्याकडे बरा मोबाइल होता, ब्लाउजचे फोटो मी बायकांना पाठवत असे, हे तिने पाणी पिता पिता हेरून ठेवलं होतं. फोटो मी काढायचे, बायकांशी बोलायचं मी, माल तिचा, आणि सुटेल ते दोघींचं. मी हो म्हणाले, आणि गावोगावच्या फेऱ्या सोडून ती रोजच एसटीने आमच्याकडे येऊ लागली. मला वाटलं, बांगडीचा फोटो काढायला असं काय लागतं.

काय लागतं ते लवकरच कळलं. लाखेच्या बांगडीवर आरशाचे तुकडे, खडे, वर सोनेरी वर्ख. काचेची बांगडी तर सगळीच चकचकीत. मी मोबाइलचा फ्लॅश मारून पहिला फोटो काढला तर बांगडीच्या जागी नुसता पांढरा लोळ. फ्लॅश बंद केला तर खिडकीचे गज बांगडीत उमटले. खिडकीकडे पाठ केली तर प्रत्येक आरशाच्या तुकड्यात मी, माझा मोबाइल आणि मागच्या दोरीवरचं आत्याबाईंचं लुगडं. चाचीला वाटलं बांगड्या नीट पुसलेल्या नाहीत. तिने मला न विचारता सगळ्यांना खोबरेल लावून लखलखीत केल्या. पुढचे फोटो आधीपेक्षाही पांढरे आले. तरीही त्यातलेच दोन-तीन मी पाठवले, आणि लातूरच्या एका बाईने हिरव्या बांगड्या परत केल्या. फोटोत पांढऱ्या दिसल्या म्हणून मागवल्या होत्या, असं तिचं म्हणणं. चाची म्हणाली, ‘चूक तिची न्हाई. मला बी पांढऱ्याच दिसाय लागल्यात.’

उपाय सापडला तो चाचीच्या चोंबडेपणामुळे. मी फोटो काढायला लागले की तिला राहवत नसे. मध्येच वाकायची, बांगडी सरळ करायची, फुंकर मारायची. मी दहादा ओरडायची, चाची, बाजूला हो, उजेड अडवू नको. एका दुपारी सगळे फोटो बघत बसले तर त्यातले दोनच चांगले आलेले. हिरवा हिरवा दिसत होता, खडे मोजता येत होते, पांढरा लोळ कुठेच नव्हता. आणि दोन्हींच्या कोपऱ्यात चाचीची ओढणी आलेली. ती वाकली की तिची पांढरी मलमलची ओढणी खिडकी आणि बांगड्यांच्या मध्ये यायची आणि उजेड तिच्यातून गाळला जाऊन खाली पडायचा. मी तिला ते दाखवलं. इतके दिवस बाजूला हो म्हणून ओरडा खाल्लेली बाई! तिने ओढणी नीट केली, मांडी घालून बसली आणि म्हणाली, ‘आता सांग. कुठं व्हऊ बाजूला?’ पुढे दोन दिवस ती आत्याबाईंना हीच गोष्ट सांगत होती, आणि आत्याबाई दर वेळी नव्याने ऐकल्यासारखं ऐकत होत्या. मग चाचीने जुनी एक ओढणी फोटोसाठी म्हणून आमच्याकडेच आणून ठेवली. ती खिडकीशी धरायचं काम आत्याबाईंचं. नको म्हणत म्हणत त्या उभ्या राहू लागल्या.

मी मग जरा जास्तच शहाणी झाले. चमक काढायचीच तर पुरती काढू म्हणून ओढणी दुहेरी केली, दारही लोटून घेतलं. फोटोत चमकेचा ठिपका म्हणून राहिला नाही. मी खुशीत चाचीला दाखवला. तिने मोबाइल डोळ्याजवळ नेला, लांब धरला आणि परत दिला. ‘हे काय गं? प्लास्टिकवानी दिसतंय. जीवच न्हाई.’ मी चिडले. म्हटलं, चमक नको म्हणून तर एवढा आटापिटा केला. त्यावर ती जे म्हणाली ते मी अजून विसरले नाही. ‘चमक नक्को असं कोण म्हणलं? बांगडीला चमक पायजेच. फकस्त तिनं एका जागी बसावं. एक बारीक रेघ ठेव तिला बसायला.’ आत्याबाईंनी ओढणी बोटभर सरकवली. फटीतून उजेड आला आणि सगळ्या बांगड्यांवरून एक बारीक पांढरी रेघ धावली. काच पुन्हा काचेसारखी दिसायला लागली.

पण रेघ तुटत होती. बांगड्या मी तेलाच्या रिकाम्या बाटलीवर चढवून ठेवायची. बाटली सगळीकडून सारखी गोल, बांगड्या एकमेकींना धरून राहत नसत, एक पुढे, एक मागे. चाचीला ती बाटली पहिल्या दिवसापासून खुपत होती. ‘बाटलीला नाडी हाय का?’ ती म्हणायची. बांगडी गाठोड्यात असते तोवर माल असते, फोटोत असली की ती कुणीतरी भरायची असते, आणि भरायची बांगडी हातातच दिसली पाहिजे, हा तिचा हट्ट. आधी तिने स्वतःचा हात पुढे केला. जन्मभर काच हाताळून तिच्या बोटांवर बारीक चिरा पडलेल्या. फोटो छान आले, पण माल हलेना. मग शेजारची नवी सून एकदा येऊन बसली. तिच्या घरी कळलं की पोरीचा हात मोबाइलवर फिरणार, आणि दुसऱ्या दिवशी तिला डोकेदुखी सुरू झाली. ती डोकेदुखी अजून थांबलेली नाही.

त्या दिवशी हैदराबादहून नवा माल आला होता. हिरव्या लाखेचा, सोनेरी काठाचा. दुपार टळत होती, उजेड अगदी हवा तसा होता. आत्याबाई खिडकीशी दोन्ही हातांनी ओढणी ताणून उभ्या. मी बाटली शोधायला उठले, तर चाचीने माझा डावा हात धरून मला खाली बसवलं.

मला कळायला क्षणभर वेळ लागला. कळलं तसा मी हात ओढून घेतला. नको चाची, म्हटलं, लोक काय म्हणतील.

‘फोटोत तोंड येतंय का तुझं?’

‘नाही.’

‘मंग? हात कुणाचा हाय ते मला सोडून कुणाला बी कळत न्हाई.’ तिने पुन्हा हात घेतला. ‘फोटोपुरत्या हायत. हात दे आन् दुसरीकडं बघ.’

दुसरीकडे म्हणजे कुठे बघणार? समोर आत्याबाई होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या ओढणीकडे बघत होत्या. त्यांनी हात खाली घेतले असते तर मी लगेच उठले असते. नको म्हणाल्या असत्या तरी मला राग आला नसता. या घरात त्यांच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नव्हते, आणि त्यांना दुखवून मला कुठलाच चुडा नको होता. चाचीने बोटं चोळली, अंगठा दुमडला. एक बांगडी आत गेली, मग दुसरी. दुसरी पहिलीवर वाजली. तो आवाज इतक्या जवळून ऐकून मला किती काळ झाला होता ते तेव्हा लक्षात आलं. मला रडू आलं नाही. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

हात भरला, पण वरची एक बांगडी चाचीने दिली नाही. ते माझ्या लक्षात आलं आणि पटलंही. फोटोचं काम होतं ते. मी उजव्या हातात मोबाइल घेतला, डावा हात ओढणीखाली धरला. रेघ बसायचं नाव घेत नव्हती, सगळीकडे नुसती चमक नाचत होती. तेवढ्यात ओढणीमागून आत्याबाईंचा आवाज आला.

‘हात जरा आत वळव. चमक यायलीय.’

मी हात आत वळवला. रेघ बसली. इतके दिवस काढलेल्या फोटोंत तसा एकही फोटो आला नव्हता.

काम झाल्यावर मी वाटीत साबणाचं पाणी घेऊन आले आणि चाचीपुढे हात केला. ती गाठोडं बांधत होती. वाटीकडे बघून म्हणाली, ‘काढायचं काम माझं न्हाई. मी भरते.’ आणि गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, एसटी गाठायला निघूनच गेली. मी वाटी घेऊन तशीच बसले. आत्याबाईंनी ओढणीची घडी घातली. मग माझ्या पुढ्यातली वाटी उचलली, मोरीत ओतली आणि वाटी विसळून पालथी घातली. ‘उद्या दुसरा रंग भरायचा ना फोटोला?’ त्या म्हणाल्या. ‘मंग तवाच काढू.’

ते ‘तवाच’ मग रोज पुढे जात राहिलं. एक रंग उतरायचा तो दुसरा भरायलाच, आणि शेवटचा जो असेल तो हातात राहायचा. त्या राहिलेल्या बांगड्या विकायच्या नाहीत, हातात गेलेली बांगडी पुन्हा गाठोड्यात येत नाही, असा चाचीने कायदाच करून टाकला. गिरणीवर दळण घेऊन गेले की बायकांच्या नजरा मनगटाशी यायच्या. मी कुणी विचारायच्या आतच सांगून टाकायची, ‘फोटोसाठी हायत.’ हे उत्तर फार उपयोगाचं निघालं. त्यावर कुणाला काही बोलता येत नसे. धंद्याला कोण नावं ठेवणार? तरी मला ते बोलताना दर वेळी काही तरी चोरल्यासारखं वाटे. बांगड्या हातात होत्या, पण माझ्या नव्हत्या.

फोटोंना मात्र चांगलाच गुण आला. नांदेड, जालना, कुठून कुठून बायका विचारायला लागल्या. एकीने लिहिलं, बांगड्या छानच, पण हा हात कुणाचा? मी चाचीला वाचून दाखवलं आणि विचारलं, काय लिहू? ‘लिही की,’ ती म्हणाली, ‘आमच्या सुनबाईचा हाय. आडीच न्हाई, सव्वादोन.’ तिला कुठलंही उत्तर मापाशिवाय पुरं वाटत नसे. मी तसंच्या तसं लिहिलं. त्या बाईने सव्वादोनच्याच मागवल्या.

एका संध्याकाळी गिरणीजवळची गया आमच्या दारात येऊन उभी राहिली. माझ्याहून लहान, माझ्यासारखीच. बराच वेळ पावसापाण्याचं बोलली. मग भिंतीकडे बघत म्हणाली, ‘तुमाला फोटोला दुसरा हात लागत आसंल, तर माझा हाय.’ खरं तर आम्हाला दुसरा हात लागत नव्हता. चाची तिथेच बसली होती. तिने गयाचा हात ओढून मांडीवर घेतला, अंगठ्याशी दाबून बघितलं आणि मला म्हणाली, ‘बघ गं, लाल रंगाला ह्यो हात बरा दिसंल. तुझ्या हाताला लाल उठत न्हाई.’ तोवर महिनाभरात तिने मला किती तरी वेळा लाल भरल्या होत्या. गयाच्या हातातले त्या दिवसाचे लाल बांगड्यांचे फोटो मी काढले, पाठवलेही. आत्याबाईंनी ओढणी धरली होती आणि त्या दिवशी त्यांनी एकदाही हात दुखतात म्हटलं नाही.

चाची मागच्या थंडीत हैदराबादला गेली, म्हणजे वारली. मुलाने फोन केला तेव्हा आधी तिचं नाव सांगितलं, आणि मला ते कुणाचं नाव ते कळेचना. मग तो म्हणाला, ‘अम्मी... बांगडीवाली चाची.’ मी मशीन थांबवलं आणि आत जाऊन आत्याबाईंना सांगितलं. तिच्या सणसणीत थापेची मला फार आठवण आली. पण मला शेवटी सांगायचंय ते त्याच्या आधीचं, ती गाव सोडून गेली त्या सकाळचं.

डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे पुरते गेलेले. मुलगा तिला कायमचं न्यायला आला होता. गंगाखेडला गाडी पकडायच्या आधी त्याची जीप आमच्या दाराशी थांबली. चाचीला त्याने धरून उतरवलं. गाठोडं आता लहानसं होतं. मी लगबगीने ओढणी खिळ्यावरून काढली, मोबाइल पुसला. नवा माल दाखवायला आली असणार. ती नेहमीच्या जागी टेकली आणि माझी धावपळ ऐकत म्हणाली, ‘ठीव ते. आज फोटो न्हाई.’

‘मग गं?’

‘मंग काय? बांगड्या भराय आले मी.’

गाठोड्यातून तिने साध्या हिरव्या काचेच्या बांगड्या काढल्या. लाख नाही, खडे नाहीत, सोनेरी काठ नाही. असल्या बांगड्या मोबाइलवर कुणी मागत नाही. मी हात दिला. या वेळी तिने दुसरीकडे बघ म्हटलं नाही, आणि मीही बघितलं नाही. तिची बोटं पूर्वीसारखी चालत नव्हती. एक बांगडी तिच्या हातात पिचली; ती थोडी थांबली, तुकडे बाजूला ठेवले आणि पुन्हा सुरुवात केली. दोन्ही हात भरून झाले. मग चाचपून चाचपून तिने आणखी एक बांगडी काढली आणि सगळ्यांच्या वर सरकवली.

‘ही माझी,’ ती म्हणाली. ‘हिचा हिशोब न्हाई.’

मी पदर डोक्यावर घेतला आणि वाकले. यजमान गेल्यानंतर प्रथमच. थाप बसली, पूर्वीइतक्या जोराची नव्हती. आता ह्या फोटोच्या न्हाईत बरं का, असं काही ती म्हणाली नाही. ते तिला म्हणावं लागलं नाही. या वेळी मला रडू आलं आणि त्याची लाज वाटली नाही.

आत्याबाई शिदोरी बांधून दारात उभ्या होत्या. फडकं देताना त्यांचा हात चाचीच्या हाताला लागला, तो चाचीने सोडलाच नाही. अंगठ्याशी दाबून बघितलं. ‘आडीच,’ ती म्हणाली. ‘आजून बी आडीचच हाय, आक्का.’ आत्याबाईंनी हात सोडवून पदराखाली घेतला. ‘जा आता,’ त्या म्हणाल्या, ‘गाडी खोळंबलीय.’ पण त्या हसत होत्या, आणि आत्याबाईंना हसताना मी फारशी कधी पाहिलेली नाही.

जीप वळणावर पोचली तेव्हा मी रस्त्यात येऊन हात वर केला. ऊन चांगलं चढलं होतं. बांगड्यांवरून अशी लखलख उठली की माझे मलाच डोळे मिटावे लागले. सवयीने मी मनगट आत वळवायला गेले. चाची खिडकीतून मागे बघत होती, डोळ्यांवर आडवा हात धरून. माझा चेहरा तिला तेव्हाही दिसत नसणार. पण ती चमक दिसत होती. तिने खिडकीबाहेर हात काढला आणि नको, नको, असा हलवला.

मी हात तसाच वर ठेवला, जीप दिसेनाशी होईपर्यंत.